सासरच्या मूळपुरुषाचा माग: लँकेस्टर ते एमेंटाल

माझ्या सासरच्या घराण्याची एक छापील पुस्तिका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी घराण्यातल्याच एका शाळामास्तरांनी ती तयार केली आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात नव्या जोडप्याला तिची एक प्रत देण्याची रीत पडली. मलाही ती मिळाली. तिच्या पहिल्या पानावर तीन विधाने आहेत: घराण्याचा मूळपुरुष दोन भावांसह स्वित्झर्लंडहून आला, तो १७१० साली, पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात वस्ती करणाऱ्या पहिल्या तुकडीबरोबर आला, आणि झुरिकजवळ त्याच्या पूर्वजांचा वाडा होता. सहा वर्षांच्या शोधानंतर मला खात्रीने सांगता येते की या तिन्हींपैकी एकही विधान खरे नाही. जे खरे आहे ते माझ्या मते अधिक मोलाचे आहे, आणि ते कसे हाती लागले हे लिहून ठेवावे म्हणून हा लेख. हयात नातेवाइकांच्या इच्छेनुसार घराण्याचे आडनाव आणि व्यक्तींची नावे मी दिलेली नाहीत.

माझे माहेर नाशिकचे. लहानपणी वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरी गेले असताना आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारले, जुनी चोपडी उघडली आणि पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर आमच्यासमोर ठेवला. तेव्हापासून वंशावळ म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी सांभाळून ठेवलेली वस्तू, अशी माझी समजूत होती. सासूबाईंनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कागदांनी भरलेला एक पत्र्याचा डबा माझ्या हवाली केला आणि पुस्तिकेतले खरे किती ते मला जिवंतपणी कळू दे, असे सांगितले, तेव्हा इथे कोणा उपाध्यायाची चोपडी नाही, ती आपल्यालाच जुळवायची आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात आले.

१७१० या सालाचे लँकेस्टर भागात इतके अप्रूप का, हे आधी सांगायला हवे. झुरिकमध्ये १५२५ च्या जानेवारीत काही तरुणांनी मोठ्या वयात, समजून-उमजून एकमेकांना बाप्तिस्मा दिला आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नाकारला. चर्च आणि सरकार एकच असलेल्या त्या काळात हे राज्यद्रोहासारखे मानले गेले. फेलिक्स मान्झ यांना १५२७ साली लिमाट नदीत बुडवून मारले, तर हान्स लँडिस यांचा १६१४ साली शिरच्छेद झाला. बर्नच्या सरकारने १६५९ साली या पंथाच्या बंदोबस्तासाठी एक स्वतंत्र कचेरी उघडली, ती १७४३ पर्यंत चालली. माणसे हुडकून काढणारे पगारी शिपाई तिच्या दिमतीला होते, आणि पकडलेल्यांना तुरुंग, दंड, मालमत्तेची जप्ती व हद्दपारी यांना सामोरे जावे लागे. १६७१ साली बर्नमधून हाकलले गेलेले शेकडो लोक ऱ्हाइनकाठच्या पॅलॅटिनेट प्रांतात गेले. पुढे याच पंथातल्या, म्हणजे मेनोनाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांपैकी काहींनी १७१० च्या ऑक्टोबरात विल्यम पेन यांच्या पेनसिल्व्हेनिया या वसाहतीत पेक्वे ओढ्याजवळ १०,००० एकरांचा परवाना मिळवला आणि त्यातील ६,४०० एकरांची मोजणी त्याच महिन्यात झाली. त्यांच्यातील वयोवृद्ध पाळक हान्स हेर यांच्या कुटुंबासाठी १७१९ साली बांधलेले दगडी घर आजही उभे आहे आणि ते लँकेस्टर काउंटीतील सर्वांत जुने घर मानले जाते. त्यामुळे या भागातील प्रत्येक स्विस घराण्याला आपली मुळे त्या तुकडीशी जोडावीशी वाटतात. ही ओढ मला परकी वाटली नाही, कारण आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही मूळपुरुषाला एखाद्या मोठ्या मोहिमेत नेऊन बसवण्याचा मोह ठायी ठायी दिसतो.

मी पहिली चूक केली ती इथेच. १७१० च्या परवान्यातील मोजकी नावे पाहिली, आमचे आडनाव त्यांत नव्हते, तरीही ते कुठेतरी गाळले गेले असावे असे धरून मी त्या तुकडीच्या मागे वर्षभर फिरले. भरीस भर म्हणून इंटरनेटवरच्या एका वंशवृक्षात आमच्या मूळपुरुषाचे जन्मगाव झुरिकजवळ दाखवलेले सापडले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. झुरिकच्या सरकारने १७४४ साली गावोगावच्या पाळकांकडून अमेरिकेला गेलेल्या माणसांच्या याद्या मागवल्या होत्या, आणि प्राध्यापक अल्बर्ट फाउस्ट यांनी त्या १९२० साली छापून प्रसिद्ध केल्या. त्या सगळ्या याद्या मी ओळ न ओळ वाचल्या. आमच्या आडनावाची माणसे मिळाली, पण वय जुळे तर बायकोचे नाव जुळत नसे, बायको जुळे तर मुले जुळत नसत. शेवटी लँकेस्टरच्या मेनोनाइट इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी माझी वही चाळली आणि तुम्ही छपरापासून घर बांधता आहात, असे मला स्पष्ट शब्दांत सांगितले. आजच्या माणसापासून सुरुवात करा, एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक पायरीला कागद मिळाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवू नका, हा त्यांचा सल्ला मी त्यानंतर मोडला नाही.

मागे जाताना १८५० पर्यंतचा रस्ता सोपा आहे, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचे नाव लिहिले गेले. त्याआधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव येते आणि बाकीचे सगळे आकड्यांत विरघळतात. इतर जर्मनभाषक घराण्यांना अशा वेळी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी हात देतात. मेनोनाइट घराण्याला तो आधार नाही, कारण तान्ह्या मुलाचा बाप्तिस्माच होत नसल्यामुळे जन्माच्या वेळी नोंद करण्याचे कारणच नसे. उरतात ती मृत्युपत्रे, खरेदीखते, अनाथ मुलांच्या हक्कांसाठी असलेल्या न्यायालयाची कागदपत्रे, शेतातल्या घरगुती स्मशानांतील दगड आणि बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा. लँकेस्टर काउंटी १७२९ साली चेस्टर काउंटीतून वेगळी झाली, त्यामुळे त्याआधीचा कागद हवा असेल तर चेस्टरचे दप्तर पाहावे लागते, हेही मला दोन फेऱ्या वाया गेल्यावर कळले.

अशा पाच पिढ्या उतरून मी ज्या कागदापाशी पोहोचले, ते मूळपुरुषाचे मृत्युपत्र होते. त्यावर फेब्रुवारीची तारीख असून वर्ष १७४७ आणि १७४८ असे जोडून लिहिलेले आहे. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून त्याआधीच्या महिन्यांची वर्षे अशी दुहेरी लिहीत. शके आणि इसवी सन यांचा मेळ घालताना चैत्राच्या आधीचे महिने ज्यांना छळतात, त्यांना ही अडचण नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

त्या मृत्युपत्रातील एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. मोठ्या मुलाला शेत मिळावे, पण त्याने आईला मरेपर्यंत घरातील खालची खोली द्यावी, चुलीसाठी फोडलेली लाकडे दाराशी आणून टाकावीत, दरवर्षी ठरल्याइतका गहू आणि राय हे धान्य द्यावे, तिची एक गाय आपल्या गाईंबरोबर चारावी, बागेतील सफरचंदे तिला हवी तितकी घेऊ द्यावीत. आणि तिचा चरखा व तिने सोबत आणलेली पेटी ही तिचीच राहावी. असे तपशील त्या भागातील जर्मन आणि स्विस शेतकऱ्यांच्या मृत्युपत्रांत बरेच आढळतात, तरीही ‘सोबत आणलेली पेटी’ या शब्दांपाशी मी थांबले. ही बाई समुद्र ओलांडून आली होती. मृत्युपत्रात तिचे फक्त पाळण्यातले नाव होते. माहेरचे आडनाव पेनसिल्व्हेनियातील एकाही कागदावर नव्हते, आणि घरगुती स्मशानातील झिजलेल्या दगडावर तर ती केवळ ‘त्याची पत्नी’ आहे.

जमिनीच्या कागदांनी काळ पक्का केला. पेनसिल्व्हेनियात आधी परवाना, मग मोजणी आणि सगळे पैसे फिटल्यावर सनद, असा क्रम असे. हे दप्तर आता हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहे. १७३२ पासूनचा दर १०० एकरांस १५ पौंड १० शिलिंग आणि शिवाय दर एकरी वर्षाला अर्धा पेनी खंड असा होता. आमच्या मूळपुरुषाचा परवाना १७३४ चा निघाला. मोजणीच्या कागदावर आपल्याकडच्या चतुःसीमेसारख्या खुणा होत्या: काळ्या ओकपासून अमुक अंशांनी हिकरीच्या झाडापर्यंत इतके पर्च, तिथून शेजाऱ्याच्या बांधाने दगडापर्यंत इतके. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. मी आलेखाच्या कागदावर ती आकृती काढली, शेजारच्या सगळ्या जमिनींच्या आकृत्या काढून तिच्याभोवती बसवल्या, आणि ज्याचा बांध लागून होता तोच शेजारी मृत्युपत्राचा साक्षीदार असल्याचे माझ्या लक्षात आले. पुढचा सगळा उलगडा या शेजाऱ्यामुळे झाला.

१७२७ च्या सप्टेंबरपासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या, सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी पुरुषाला ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याचे वचन द्यावे लागे. या याद्या १९३४ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाल्या असून दुसऱ्या खंडात मूळ सह्यांच्या प्रतिमा आहेत. कप्तानाची यादी इंग्रज कानांनी ऐकून लिहिलेली असल्यामुळे नावे ओळखू येत नाहीत. लँकेस्टरच्या कागदांत क्युंडिगचे केंडिग झाले, हाइनरिख झिमरमान यांचे तर भाषांतर होऊन ते हेन्री कार्पेंटर झाले, तसेच हे. सही मात्र माणसाची स्वतःची. १७३३ च्या शरद ऋतूत आलेल्या एका जहाजाच्या यादीत कप्तानाने आमचे आडनाव पूर्ण चुकवले आहे, पण सह्यांच्या पानावर तीच सही आहे जी मृत्युपत्राच्या तळाशी, म्हातारपणाने थरथरलेली दिसते: पहिल्या अक्षराची शेपटी खाली वळवून नावाखाली रेघेसारखी ओढलेली. आणि तिच्या खाली दोनच ओळी सोडून शेजाऱ्याची सही. भाऊ मात्र एकही नाही. आपल्या आडनावाच्या तीन घरांचा परस्परसंबंध माहीत नसला की पुढच्या पिढ्या त्यांना तीन भाऊ ठरवून टाकतात, आणि इथेही तेच घडले होते.

एवढे झाल्यावर मी दोन वर्षे अडले. सरकारी कागदांवर हे सगळे लोक सरसकट ‘पॅलॅटाइन’ म्हणून नोंदले गेले आहेत, मग ते पॅलॅटिनेटचे असोत की बर्नचे. वाट सापडली ती ‘हाइमाटोर्ट’ या स्विस कल्पनेमुळे. स्विस माणसाच्या पासपोर्टवर आजही जन्मगाव नसते, तर कुळाचे मूळ गाव असते. तो तिथे कधी राहिलेला नसला तरी हे नाते परंपरेने वडिलांकडून मुलांकडे चालत आले आहे. कोणते आडनाव कोणत्या गावच्या नागरिकांचे, याची १९६२ ची स्थिती दाखवणारी देशभराची सूची उपलब्ध आहे. आमचे आडनाव त्यात झुरिक आणि बर्न या दोन्ही राज्यांत सापडले, म्हणून ते निरुपयोगी ठरले होते. पण शेजाऱ्याचे आडनाव दुर्मीळ होते आणि ते जुन्या काळापासून फक्त बर्नमधील एमेंटाल खोऱ्यातच आढळत होते. त्या खोऱ्यातल्या लांगनाऊ गावच्या नोंदींत आमचेही आडनाव होते. झुरिकचा वाडा तिथेच संपला.

बर्नच्या राज्य अभिलेखागाराने चर्चच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, त्यामुळे पेनसिल्व्हेनियात माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून मला लांगनाऊची पाने उलटता आली. ती वाचता मात्र येत नव्हती. जर्मन कुरेंट लिपीत ‘ए’ आणि ‘एन’ जवळजवळ एकसारखे असतात, ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या लहानशा कंसावरून, आणि पाळक घाईत असला तर शब्द म्हणजे नुसत्या उभ्या रेघांचे कुंपण होते. मला या वेळी नाशिकला केलेला मोडीचा वर्ग आठवला. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे घालायची, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नाही. तिथे आमचे गुरुजी सांगत की लिपी शिकू नका, लिहिणाऱ्याचा हात शिका. मी तेच केले. महिन्यांची नावे आणि नेहमीची पाळण्यातली नावे यांवरून एकेका पाळकाच्या हाताची वेगळी बाराखडी तयार केली, आणि चार महिन्यांनी पाने बोलू लागली.

लांगनाऊमध्ये तरीही काही मिळाले नाही. तेव्हा ध्यानात आले की कुळाचे गाव लांगनाऊ असले तरी माणूस भलतीकडे राहत असेल. मी शेजारच्या परिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या घेतल्या, आणि लाउपरस्विलच्या वहीत ‘लांगनाऊचा’ या शब्दासह आमचा मूळपुरुष उभा होता. १७२७ साली मुलीचा बाप्तिस्मा, १७२९ साली मुलाचा. बर्नच्या नोंदीत मुलाच्या आईचे माहेरचे आडनाव लिहितात आणि तीन साक्षीदार देतात: मुलगा असेल तर दोन पुरुष व एक स्त्री, मुलगी असेल तर दोन स्त्रिया व एक पुरुष. मुलाच्या साक्षीदारांत पेनसिल्व्हेनियातला शेजारी होता. बाईचे पाळण्यातले नाव मृत्युपत्रातलेच होते, आणि त्यापुढे, अडीचशेहून अधिक वर्षे आमच्या घराण्यात कोणालाही माहीत नसलेले, तिचे माहेरचे आडनाव होते. रात्रीचे दोन वाजले होते. मी नवऱ्याला उठवले, आणि आम्ही दोघांनी ते नाव मोठ्याने वाचले.

मृत्युपत्रातला दुसरा मुलगा १७३२ चा असायला हवा होता, पण त्याची नोंद वहीत नव्हती. या प्रश्नासाठी आम्हाला स्वित्झर्लंडला जावे लागले. बर्नच्या राज्यात प्रत्येक परिशात ‘कोरगेरिश्त’ नावाचे धर्मन्यायासन असे. चर्चला गैरहजर राहणे, भांडणे, व्यभिचार, मुलाचा बाप्तिस्मा टाळणे असे विषय त्याच्यासमोर येत आणि पाळक त्याचे इतिवृत्त लिहीत. ही इतिवृत्ते मला घरी बसून पाहता आलेली नव्हती. आम्ही प्रत्यक्ष गेलो, एका अभिलेखपालाने शांतपणे जाडजूड वही आणून ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी १७३२ च्या उन्हाळ्यातील नोंद सापडली. बोलावणे नवऱ्याला नव्हते, तिला होते. सहा आठवड्यांचे मूल चर्चमध्ये का आणले नाही, असे तिला विचारले गेले, आणि मूल समजत्या वयाचे झाले की आपले आपण ठरवील, असे तिने सांगितल्याचे पाळकांनी लिहून ठेवले आहे. नवऱ्याचे नाव पुढच्या बैठकीत येते, दंडासह. म्हणजे पंथाचा स्वीकार आधी तिने केला. पुस्तिकेत छातीठोकपणे ज्याच्या धर्मनिष्ठेची चार पाने आहेत, तो तिच्या मागून आला होता.

ज्या सरकारला ही माणसे राज्यात नको होती, त्याच सरकारच्या वहीमुळे ती आम्हाला मिळाली, या गोष्टीने मी आजही अस्वस्थ होते. त्या दौऱ्यात आम्ही ट्राखसेलवाल्डचा किल्ला पाहिला, जिथे पंथातील लोकांना डांबत असत, आणि ट्रुबजवळच्या एका शेतघरातील लपण्याची जागाही पाहिली, जिथे फळीखालच्या पोकळीत माणूस शिपायांपासून दडून बसे. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती त्या पोकळीशेजारी बराच वेळ उकिडवी बसून राहिली आणि आत तान्हे मूल रडले तर काय करत असतील, एवढेच तिने विचारले.

शोधाच्या मध्यावर नवऱ्याने आणि दिराने डीएनए चाचणीही केली. तिचा उपयोग मर्यादित ठरला, कारण मेनोनाइट घराणी तीनशे वर्षे आपापसांतच सोयरिकी करत आली आहेत. एकच पूर्वज चार-चार वाटांनी येतो आणि दूरचा भाऊबंद यंत्राला जवळचा चुलतभाऊ वाटतो. कागदाशिवाय त्या आकड्यांवर कोणी विसंबू नये.

सासूबाईंसाठी नवी पुस्तिका लिहिताना एक प्रकरण मी आग्रहाने घातले. मूळपुरुषाला मिळालेली जमीन मोकळी पडलेली नव्हती. सस्क्वेहानॉक वंशाचे कोनेस्टोगा हे मूळनिवासी लोक त्याच परिसरात राहत होते आणि विल्यम पेन यांनी त्यांना सलोख्याचे वचन दिले होते. १७६३ च्या १४ डिसेंबरला सीमेवरील सशस्त्र वसाहतकऱ्यांच्या टोळीने त्यांच्यापैकी सहा जणांना वस्तीत मारले, आणि २७ डिसेंबरला लँकेस्टर गावात आश्रयाला ठेवलेल्या उरलेल्या चौदा जणांना, मुलाबाळांसह. तेव्हा आमच्या मूळपुरुषाचे मुलगे तिथून काही मैलांवर शेती करत होते. स्वतः हाकलले गेलेल्यांच्या मुलांनी त्या दिवशी काय केले, याचा एकही कागद आमच्याकडे नाही. घरातील काहींना हे प्रकरण नको होते. सासूबाईंनी ते वाचून ठेवू द्या म्हणून सांगितले.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आता दोन नावे आहेत, दोन्ही आडनावांसह, आणि त्यांखाली मुलांची यादी आहे. त्यात १७२७ साली लाउपरस्विलला बाप्तिस्मा झालेली थोरली मुलगी पहिली आहे. मृत्युपत्रात ती नाही. लग्न होऊन वाटा घेऊन गेलेल्या मुलींचा उल्लेख अशा मृत्युपत्रांत सहसा असतो, तोही नाही. त्या जहाजाच्या कप्तानाने फक्त पुरुषांची यादी दिली होती. सहा वर्षांची ती मुलगी ऱ्हाइनवरील होडीत, रॉटरडॅमला, समुद्रात की फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर मागे राहिली, हे शोधण्यासाठी मी अजून याद्या वाचते आहे. तिच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख छापली आहे, आणि तिच्यापुढची जागा सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोकळी ठेवली आहे.